कीबोर्डवरचे हमाल

कम्प्युटर जात विचारत नाही, असं एक नवं कीर्तन आपल्या वस्त्यांतून सुरू आहे. कोड चाललं तर चाललं, अडलं तर अडलं. तिथं कुठला बामण अन् कुठला महार? मीरा रोड-भाईंदरच्या क्लासवाल्यांचे बोर्ड हेच सांगतात. मग बाप पीएफ काढतो, आई डोरलं गहाण टाकते आणि पोरगं एसीत बसून पिढ्यानपिढ्यांचा नरक एका पगारात धुऊन काढणार, अशी सगळ्या चाळीला आशा लागते.

दोस्तहो, आशा बाळगा. पण डोळे उघडे ठेवून बाळगा.

मी गोदीतला कामगार, मॅट्रिक. कोडची एक ओळ मला येत नाही. पण धंद्यात यंत्र घुसलं की माणसाचं काय होतं, हे गोदीवाल्याला कुणी शिकवू नये.

आधी आकडे बघा. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तीन कंपन्यांतली माणसं मिळून सुमारे ६४ हजारांनी घटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसनं म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेच्या वर नवी पोरं परीक्षेत नापास म्हणून बाहेर काढली. यातल्या अनेकांना नेमणुकीचं पत्र २०२२ मध्येच मिळालं होतं; कामावर घेतलं २०२४ मध्ये. दोन वर्षं पत्र उशाशी घेऊन झोपायचं आणि मग चार महिन्यांत गेटबाहेर. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. बहुतेक मधल्या नि वरच्या फळीतली, म्हणजे ऐन उमेद तिथं घासलेली.

विप्रोनं २०२३ मध्ये साडेसहा लाखांचं वचन दिलेल्या पोरांना विचारलं, साडेतीनवर येता का? हा साडेतीनच्या आसपासचा आकडा गेल्या दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. डाळ हलली, खोलीचं भाडं हललं, हा साला ढिम्म. इन्फोसिसच्या मुख्याधिकाऱ्याला २०२४-२५ मध्ये ८० कोटींच्या वर मिळाले. त्याच कंपनीचे संस्थापक नारायण मूर्ती २०२३ मध्ये तरुणांना सांगून मोकळे झाले, आठवड्याला सत्तर तास राबा.

असं का झालं? करोनाच्या काळात परदेशातून कामाचा पूर आला, कंपन्यांनी भरमसाट भरती केली. पूर ओसरला तशी माणसं जड झाली. त्यात आता साधं कोड लिहायचं, तपासायचं, चुका काढायच्या हे काम यंत्र करू लागलंय. नवशिक्याचा हात ज्या कामावर बसायचा, तेच काम. बापाची ओळख नसलेला पोरगा या धंद्यात शिरतो तो याच दारातून, आणि बंद होतंय तेही हेच दार.

गोदीत हे आधी घडलंय. पूर्वी टोळीवाला बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी घरी. कामगार लढले. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. हमालाचं नाव वहीत चढलं. जहाज लागलं नाही तरी हजेरीचे पैसे, वर ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. मग कंटेनर आला. पाठींचं काम क्रेननं गिळलं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झालं, १९९४ मध्ये बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरून गेलं. माझ्या पिढीच्या वाट्याला आला कंत्राटदार.

आता सॉफ्टवेअरकडे बघा. हातात प्रकल्प नसला की पोरगं 'बेंच'वर बसतं. जून २०२५ पासून टीसीएसचा नियम असा, की वर्षात २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या नावे बिल लावता येईल असं काम पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांच्या वर बसायचं नाही. म्हणजे १९५१ चा अंगठाबहाद्दर हमाल जहाज नसलेल्या दिवशी कायद्याच्या जोरावर पैसे घेत होता, आणि २०२५ चा इंजिनियर दिवस मोजत बसलाय. हमालापाशी युनियन होती. इंजिनियरपाशी गळ्यातलं ओळखपत्र आहे.

आणि जात? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता तीच, आडनाव वेगळं. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. मुलाखत नंतरची गोष्ट. लिफाफाच बाटला.

साता समुद्रापारही तेच. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप काय? तिथल्या दलित इंजिनियरला वरच्या भारतीय साहेबांनी जातीवरून मागं ठेवलं. दोन साहेबांवरचा दावा २०२३ मध्ये मागं घेतला गेला. पण जात विमानात बसते, हे जगाला कळलं.

बाबासाहेबांच्या काळात गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून सवर्ण बाटत. चांगली मजुरी त्याच खात्यात. आज कोणी तोंडावर बाटलो म्हणत नाही. कंपनीतला माणूस आपल्या ओळखीच्याची शिफारस करतो, वर बक्षीस घेतो. याला रेफरल म्हणतात. आपली ओळख कुणाशी? गेटवरच्या वॉचमनशी.

दार बंद झालेल्यांचं काय होतं, ते मीरा रोडनं ऑक्टोबर २०१६ मध्ये पाहिलं. ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर धाड घातली. सातशेवर पोरंपोरी एका रात्रीत पोलिसांच्या ताब्यात. इन्कमटॅक्सवाले आहोत असं सांगून अमेरिकन माणसांना फोनवर धमकवायचं, हे तिथलं काम. त्या पोरांची तरफदारी मी करत नाही. पण इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या पोरांना पोटासाठी असल्या धंद्यात बसावं लागतं, तर हा बाजार कसला?

आणि आपले पुढारी? जयंतीच्या बॅनरवर मावत नाहीत. तिकीटवाटपात गटांचे गट फुटतात. बेंचवरच्या पोरावर मोर्चा कुणी काढला? सरकारी नोकऱ्या आटतायत, खाजगीत आरक्षण नाही. ९३ व्या घटनादुरुस्तीनं २००५ मध्ये खाजगी कॉलेजात आरक्षणाची वाट केली. खाजगी नोकरीचं नाव काढलं की सगळ्यांना मेरिटचा झटका येतो.

मनमाडला १९३८ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना दोन शत्रू दाखवले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. सॉफ्टवेअरमध्ये दोघं एकाच टेबलावर बसलेत. म्हणून मागण्याही जोडीनं पाहिजेत. खाजगी नोकरीत कायद्यानं आरक्षण. आणि गोदीत होतं, १९६९ च्या कायद्यानं माथाडींना मिळालं, तसं सॉफ्टवेअर कामगारांचं बोर्ड: नाव नोंदणी, बेंचच्या काळातला पगार, काढण्याआधी सुनावणी. कंपनी म्हणेल, हे कामगार नव्हेत, अधिकारी आहेत. तर कायद्याच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम करणारा कामगारच आहे. टीसीएसनं २०१५ मध्ये काढलेल्या एका इंजिनियरला चेन्नईच्या कामगार न्यायालयानं २०२२ मध्ये परत घ्यायला लावलं, ते तो कामगार ठरला म्हणूनच.

पोरींनो, पोरांनो, शिका. कोड लिहा, यंत्रालाही कामाला लावा. पण स्वतःला साहेब समजू नका. पुण्यात नाइट्स, बंगलोरात किटू अशा संघटना उभ्या आहेत. त्यांत शिरा, आणि तिथं जातीचा प्रश्न दडपला तर तिथंही भांडा. मालकाला पाठ विकली काय अन् डोकं विकलं काय, हमाली ती हमालीच. हमालांनी एकदा मुंबईत कायदा करायला लावलाय. आता पाळी तुमची.

जय भीम.