डीजेला पैसे आहेत, पोरांच्या पुस्तकाला नाहीत

मंडळी, स्पष्टच बोलतो. राग आला तर येऊ द्या.

१९ फेब्रुवारी जवळ आली की शेवगावात वर्गणी फिरते, फ्लेक्स लागतात, डीजे ठरतो. त्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पाचवीतल्या पोराला एकदा विचारा, पेमगिरी कुठंय? आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात. १६३३ साली शहाजीराजांनी तिथं निजामशाहीच्या लहानग्या वारसाला गादीवर बसवलं आणि १६३६ पर्यंत मोगलांशी झुंज दिली. विचारा, १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंगानं नगरच्या किल्ल्याची भिंत पाडली, तेव्हा चांदबिबीनं ते खिंडार रातोरात कसं बुजवलं? पोराला सांगता येणार नाही. दोष त्याचा नाही. तसं पुस्तक त्याच्या हातात दिलं कुणी?

आपण देतो काय? जत्रेतली चकचकीत पुस्तकं. लेखकाचं नाव नाही, कोल्हा पाच ओळींत गुंडाळलेला आणि खाली 'तात्पर्य'. इतिहासाच्या पुस्तकात तलवार आणि जयजयकार. राजा कोंडीत सापडला तेव्हा डोकं कसं चाललं, वाट कशी काढली, हे गायब. अहो, गोष्टीचा जीव तिथंच असतो!

कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट थेट लीळाचरित्रात आहे, तेराव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथं वावरले ते पैठण तर आपल्या शेजारी. सातशे वर्षं आज्यांनी ती तोंडी जगवली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीवर जाणाऱ्या पोराला ती आता कोण सांगणार?

"पोरं वाचतच नाहीत, नुसता मोबाईल," हे ठरलेलं उत्तर. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पोरांनी कुणाच्या धाकानं वाचला होता का? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. किती पालकांनी उघडले? आणि कित्येक शाळांत पुस्तकं आहेत, पण कुलपात. फाटलं तर भरून कोण देणार, ही गुरुजींची भीती. अरे, फाटू द्या की! कोरं राहिलेलं पुस्तक काय पूजेला ठेवायचंय?

माझं म्हणणं एवढंच. यंदा प्रत्येक मंडळानं डीजेच्या बिलातला चौथा हिस्सा बाजूला काढावा. गावच्या शाळेला गोष्टीची पुस्तकं घ्यावीत, 'किशोर'ची वर्गणी भरावी आणि फाटलेल्या पुस्तकाचा खर्च मंडळ देईल असं लिहून द्यावं. ऊसतोडीला निघणाऱ्या पोराच्या पिशवीत दोन पुस्तकं आधी जावीत.

कोणतं मंडळ पुढं येतंय? कमेंटमध्ये मंडळाचं नाव टाका. नुसतं 'सहमत' नको.