विश्लेषण : ग्रंथपालांनी पुस्तकांवर बोलायचे कधी?

संध्याकाळी लोकलमधून उतरून वाचनालयात शिरणारा वाचक बऱ्याचदा पुस्तकाचे नाव सांगत नाही. ‘मागच्यासारखे काहीतरी चांगले द्या,’ एवढेच म्हणतो. या वाक्याला नेमके उत्तर देता येणे, हे ग्रंथालय कर्मचाऱ्याचे खरे कौशल्य. त्याच्या प्रशिक्षणात मात्र याच कौशल्याला सर्वांत कमी जागा आहे.

कल्याण-डोंबिवलीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

ठाकुर्ली हे दोन मोठ्या स्थानकांमधले छोटे स्थानक. एका बाजूला कल्याण, तिथले सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे. दुसऱ्या बाजूला डोंबिवली, जिथे २०१७ मध्ये ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि जिथे पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदानप्रदान उपक्रमाला लोक पिशव्या भरभरून पुस्तके घेऊन येतात. पुढे ठाण्याला १८९३ चे मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. या पट्ट्यात वाचक नाहीत, असे म्हणायची सोय नाही. वाचक आहेत, पुस्तकेही आहेत. मधल्या माणसाच्या तयारीकडे कुणाचे लक्ष नाही.

सध्या प्रशिक्षण कशाचे?

ग्रंथालयाच्या प्रमाणपत्र वर्गात वर्गीकरण, तालिकीकरण, नोंदवह्या कशा ठेवायच्या हे शिकवतात. नंतरची कार्यशाळा झालीच तर ती बहुधा संगणकीकरणाची. हे सगळे लागतेच. पुस्तक जागेवर सापडले नाही तर पुढची चर्चाच नको. पण वाचनालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके मोजली जातात. कर्मचाऱ्याने वर्षभरात स्वतः किती पुस्तके वाचली, हे विचारणारा रकाना नाही. उलट काउंटरवर पुस्तक उघडून बसलेला कर्मचारी ‘रिकामा’ दिसतो!

पुस्तकावर बोलणे शिकता येते का?

येते. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी १९९८ मध्ये संपूर्ण शहराने एकच पुस्तक वाचण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांची एक साधी मांडणी कामाची आहे : वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो. कथानक, पात्रे, परिसर आणि भाषा. आपल्याकडे लावून पाहा. ‘बनगरवाडी’ परत करणाऱ्याला माडगूळकरांचेच दुसरे पुस्तक देणे सोपे. पण त्याला तो माळ, ती वस्ती आवडली असेल, तर हिमालयातल्या रस्तेबांधणीवरचे प्रभाकर पेंढारकरांचे ‘रारंग ढांग’ त्याच्या हाती ठेवता येईल. ‘स्वामी’ आवडलेल्या वाचकाला पेशवाई हवी आहे की माधवराव-रमाबाईंचे नाते, हे एका प्रश्नात कळते. तो प्रश्न सुचायला कर्मचाऱ्याने दोन्ही वाचलेली असावीत, किंवा वाचलेल्या सहकाऱ्याकडून ऐकलेली तरी असावीत. सगळे कुणीच वाचू शकत नाही, म्हणून तर आपापसात बोलायचे.

पगाराचे काय?

हा आक्षेप रास्त आहे, किंबहुना तोच पहिला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. त्या वाढीनंतरही ‘ड’ वर्ग वाचनालयाचे वार्षिक अनुदान ४८ हजार रुपयेच झाले. पुस्तके, वीजबिल सगळे विसरून पूर्ण रक्कम एकाच माणसाला दिली, तरी महिन्याला चार हजार होतात. अशा माणसाला ‘घरी जाऊन वाचा’ म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. वाचन हे कामाचाच भाग धरले पाहिजे आणि ते कामाच्या वेळेतच झाले पाहिजे.

मग सुरुवात कुठून?

कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवलीतल्या वाचनालयांनी महिन्यातून एक दुपार ठरवावी. अंतर एक-दोन स्थानकांचे. प्रत्येक वाचनालयातून एक जण, प्रत्येकाकडे एक पुस्तक आणि पाच मिनिटे. लेखकाचा परिचय नको, पुरस्कारांची यादी नको. हे पुस्तक कुणाला द्यावे, कुणाला देऊ नये आणि का, एवढेच सांगायचे. व्याख्याता बोलवायचा मोह टाळावा. शाल-श्रीफळात अर्धा तास जातो. सांगितलेले एका वहीत किंवा व्हॉट्सॲप गटात टिपून ठेवावे, म्हणजे त्या दिवशी काउंटर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यालाही उपयोग होईल. जिल्हा ग्रंथालय संघाने तिकिटाचा खर्च उचलावा आणि या दुपारीला प्रशिक्षण म्हणून नोंदीत घ्यावे. व्यवस्थापन समितीनेही तेवढे तीन तास हजेरी कापू नये. पहिल्या बैठकीला चार जण आले तरी चार पुस्तकांची ओळख होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘काहीतरी चांगले द्या’ म्हणणारा वाचक काउंटरवर येणारच आहे.