घर सांभाळता सांभाळता लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई

नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं शालेय शिक्षण जवळपास शून्य. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात येणारं मीठसुद्धा धुतलं जाई. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. नवरा थोर कवी खरा, पण कधी घर सोडून निघेल याचा नेम नाही. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परतल्या, जातीची बंधनं एकेक करून मनातून काढून टाकली आणि पुढे स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मला या बाईंचं खरं मोठेपण इथेच वाटतं. दुष्काळात अनाथ झालेली मुलं त्यांनी पोटच्या पोरांसारखी वाढवली. प्लेगमध्ये लोक जिवलगांनाही टाकून पळत होते, तेव्हा त्या आजारी मुलींच्या उशाशी बसल्या. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. आणि त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’! मुलांना गोष्ट सांगावी तशी बोलकी मराठी, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाबद्दल लिहितानाही माया शाबूत, आणि स्वतःच्या दुःखाचं भांडवल कुठेच नाही. मराठीत याहून चांगलं आत्मचरित्र मी वाचलेलं नाही. 1936 मध्ये त्या गेल्या. घरात ‘स्मृतिचित्रे’ नसेल तर या आठवड्यात आणा, आणि आईला, आजीला मोठ्याने वाचून दाखवा.