शिकाऊ चालकाचा क्लेम नाकारता कशाच्या आधारावर?

‘लर्निंगवर गाडी ठोकली ना, मग विमा विसरा.’ गॅरेजमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कधी कधी तर विमा एजंटाच्या तोंडूनही हे वाक्य ऐकू येते. ते चुकीचे आहे आणि घातकही आहे, कारण त्याच्या धास्तीने माणसे पुढे जे करतात, त्यानेच धडधाकट क्लेम बुडतो. स्टिअरिंगवर मुलगी होती, गाडी फाटकाच्या खांबावर गेली, शेजारी बसलेल्या वडिलांना खरचटलेसुद्धा नाही. तरी क्लेम फॉर्मवर चालक म्हणून नाव लागते वडिलांचे. सर्व्हेयरने दोन प्रश्न विचारले, फाटकावरच्या सीसीटीव्हीचे चित्रण मागवले, की खोटे उघडे पडते. खरे सांगितले असते तर मिळाले असते ते पैसे खोट्या माहितीपायी जातात, आणि फसवणुकीचा ठपका वेगळाच.

मिळाले असते, असे मी ठामपणे म्हणतो, कारण ते पॉलिसीतच लिहिलेले आहे. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत गाडी कोणी चालवावी याचे कलम असते. वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती, एवढ्यावर ते थांबत नाही. चालू मुदतीचे लर्निंग लायसन्स असलेली व्यक्तीही ही गाडी चालवू शकते, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ पाळलेला असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्या एजंटाने ही पॉलिसी विकली, त्याने हे कलम वाचलेले नसेल तर त्याच्या अज्ञानाची किंमत ग्राहकाने का मोजायची?

दुसरा आक्षेप कायद्याचा आव आणून येतो. लर्निंग हे खरे लायसन्सच नव्हे, ती नुसती शिकण्याची परवानगी, असे म्हणतात. जुन्या १९३९ च्या कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता आणि कंपन्यांचे वकील तो वर्षानुवर्षे पुढे करत आले. पण जानेवारी २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा वाद मिटवला. १९८८ चा कायदा स्वतःच लर्निंग लायसन्स देतो, म्हणून तेही कायद्याच्या अर्थाने लायसन्सच आहे. त्याच्या अटी पाळून गाडी चालवणाऱ्याला विनापरवाना ठरवून कंपनीला तिसऱ्या पक्षाची भरपाई टाळता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. संसदेची भूमिकाही याला धरूनच आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आणली. त्या कठोर कलमातूनही, मुलाकडे त्या वाहनाचे लर्निंग लायसन्स असेल तर पालकाला वगळले आहे.

आता तिसरा मुद्दा. तो मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो वरकरणी न्याय्य वाटतो: शिकाऊ माणसाचा धोका मोठा, मग त्याचा भार कंपनीने का उचलावा? ब्रिटनमध्ये हा प्रश्न रास्त ठरेल. तिथे प्रीमियम ठरताना चालक कोण, त्याचे वय काय, अनुभव किती हे पाहतात, आणि शिकाऊ चालकासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे तसे नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, तोही इंजिनाच्या क्षमतेवर. २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, पंधराशेपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ असे आकडे होते. घरात तीस वर्षे गाडी चालवणारा बाप आहे की कालपासून शिकणारी लेक, हे दरपत्रक विचारत नाही. म्हणजे शिकाऊ चालकाच्या धोक्याचे पैसे सगळे मालक मिळून आधीच भरत असतात. घेतलेल्या पैशाचे संरक्षण द्यायच्या वेळी मात्र धोक्याची आठवण काढायची, हे मला मान्य नाही.

याचा अर्थ लर्निंग खिशात असले की झाले, असा मुळीच नाही. ‘एजंट विसरा म्हणतो, मी चालेल म्हणतो’ एवढ्यावर हा वाद सोडणे धोक्याचे ठरेल. नियम ३ च्या अटी खऱ्या आहेत. शेजारी त्या प्रकारच्या वाहनाचे पक्के, चालू लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि ती गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. मागच्या सीटवर बसलेली आई तिच्याकडे लायसन्स असूनही या अटीत बसत नाही. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. लर्निंग सहा महिने चालते. सातव्या महिन्यात ते खिशात असले तरी कायद्याच्या लेखी नसल्यासारखेच.

मग ‘एल’ची पाटी राहून गेली असेल तर? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. रस्त्यावरच्या जखमी माणसाच्या भरपाईबाबत स्वर्ण सिंग निकालाने अटभंग सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकला आहे, आणि तो भंग अपघाताला मुळातून कारणीभूत होता हेही तिनेच दाखवायचे आहे. शेजारी जाणकार बसलेला असताना खांबाला गाडी घासली, तर पाटी नसल्याने ती घासली असे कोण म्हणेल? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत मात्र करार अधिक कडक वाचला जातो, आणि शेजारी कोणी नसताना शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी काढली असेल तर कंपनीचा नकार टिकू शकतो. तिथे मी कंपनीला दोष देणार नाही.

मालक स्वतः शिकत असेल तर त्याच्या पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही नियम ३ चीच अट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०२१ पासून महाराष्ट्रात लर्निंग लायसन्स घरबसल्या ऑनलाइन मिळते. सोय उत्तम झाली, पण त्या लायसन्ससोबत हा नियम विम्याच्या संदर्भात सोप्या मराठीत छापून द्यायला परिवहन खात्याला काय अडचण आहे? कंपन्यांनीही चालकाचे ते एक कलम पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठीत द्यावे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. अपघात झाला तर चालकाच्या रकान्यात शिकणाऱ्याचेच नाव लिहावे. त्याच्या लर्निंगची आणि शेजारी बसलेल्याच्या पक्क्या लायसन्सची प्रत जोडावी. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीकडेच तक्रार करावी. तिने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.