कार्ट्रिज महाग घ्यायची की जुळणारी? टर्नटेबलवर पैसे घालण्याआधी हा हिशेब करा

विनाइल रेकॉर्ड परत आल्या, हे आता नव्याने सांगायला नको. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४.१ कोटी विनाइल रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३.३ कोटींच्या आसपास. नगांच्या हिशेबात विनाइलने सीडीला मागे टाकलं ते १९८७ नंतर पहिल्यांदाच. टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेलं एसएल-१२०० टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणलं.

पण याच काळात उलटी बातमीही आली. शुअर या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. म्हणजे रेकॉर्ड वाढतायत, टर्नटेबल वाढतायत, पण आधी सर्रास मिळणारी एक अख्खी कार्ट्रिजची फळी गायब झाली. ज्यांच्याकडे जुनी शुअर आहे ते जपानच्या जिकोसारख्या कंपन्यांच्या बदली सुया शोधतात. बाकीच्यांना नव्याने निवड करावी लागते, आणि खरी गडबड इथेच होते.

मला या विषयावर हमखास एकच प्रश्न येतो: "बजेट एवढं आहे, सगळ्यात भारी कार्ट्रिज कुठली?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तुमचा टोनआर्म कुठला ते सांगा, मग बोलू.

मुळात भानगड काय आहे?

कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या टोकाला बसणारी छोटी डबी. तिच्या खाली बारीक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याची सुई, म्हणजे स्टायलस. दांडी रबरासारख्या मऊ आधारावर टेकलेली असते, म्हणजे एक प्रकारची स्प्रिंगच. ही स्प्रिंग किती लवचीक आहे ते सांगणारा आकडा म्हणजे कम्प्लायन्स.

आता स्प्रिंग म्हटली की तिच्यावर वजन आलंच. ते वजन टोनआर्मचं आणि कार्ट्रिजचं. सुईला आर्मचं जेवढं वजन जाणवतं त्याला इफेक्टिव्ह मास म्हणतात. स्प्रिंग आणि वजन एकत्र आले की त्यांची स्वतःची एक लय तयार होते. झोक्याचं उदाहरण घ्या. त्याच्या लयीत हलकेच धक्के दिले तरी तो उंच जातो. सुईचंही तसंच होतं. तिच्या लयीचाच हादरा रेकॉर्डवरून आला, की आर्म डोलायला लागतो.

मग ही लय कुठे हवी? वाकड्या झालेल्या रेकॉर्डचे हेलकावे साधारण २ ते ६ हर्ट्झचे असतात. आपल्याला ऐकू येणारा आवाज २० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. या दोघांच्या मधे, ८ ते १२ हर्ट्झ, ही सुरक्षित जागा. त्याखाली गेलात तर वाकड्या रेकॉर्डवर वूफरचा पडदा उगाच आतबाहेर होतो, सुई उडतेसुद्धा. फार वर गेलात तर खर्जाचा आवाज बिघडतो.

आपल्याकडे याला जास्त महत्त्व आहे. उन्हाळ्यात माळ्यावर पडून राहिलेली रेकॉर्ड सपाट राहिलीच पाहिजे असं नाही.

हिशेब सोपा आहे

आर्मचा इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचा अर्धा ग्रॅम यांची बेरीज करा. तिला कम्प्लायन्सने गुणा. वर्गमूळ काढा. १५९ ला त्याने भागा. येईल ते उत्तर हर्ट्झमध्ये. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

टेक्निक्स एसएल-१२०० चा आर्म हेडशेलसकट १२ ग्रॅमचा. त्यावर ऑर्टोफॉनची टूएम रेड लावू. वजन ७.२ ग्रॅम, कम्प्लायन्स २०. बेरीज १९.७, गुणाकार ३९४, वर्गमूळ १९.८. उत्तर ८ हर्ट्झ. चालेल, पण अगदी उंबरठ्यावर.

आता त्याच मालिकेतली टूएम ब्लॅक घ्या. किंमत रेडच्या अनेक पट. वजन तेवढंच, कम्प्लायन्स मात्र २२. उत्तर येतं ७.६. ब्लॅकची सुई निःसंशय जास्त बारीक तपशील वाचते, पण जुळणीच्या बाबतीत जादा पैसे मोजून आपण किंचित मागेच आलो. सपाट रेकॉर्डवर फरक पडणार नाही, वाकड्यावर पडू शकतो.

उलट ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई पाहा. ब्लॅकच्या मानाने किरकोळ किमतीची, वजन ६.१ ग्रॅम, कम्प्लायन्स ७. इथे एक मेख आहे. जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झवर मोजून देतात, युरोपीय कंपन्या १० हर्ट्झवर. म्हणून जपानी आकड्याला अंदाजे दीड ते दोनने गुणायचं. तसं केलं की टेक्निक्सवर उत्तर १० ते साडेअकरा हर्ट्झ येतं. म्हणजे सुरक्षित जागेत आरामात.

डेनॉनची डीएल-१०३ ही १९६०च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेली. आजही बनते आणि आजही लोक तिच्या प्रेमात पडतात. वजन ८.५ ग्रॅम, १०० हर्ट्झवर कम्प्लायन्स ५, म्हणजे स्प्रिंग ताठ. टेक्निक्सवर ११ ते १३ हर्ट्झ, ठीक. पण तीच ५ ग्रॅमच्या हलक्या आर्मवर लावली तर साडेतेरा ते साडेपंधरा. शिवाय तिचा सिग्नल फक्त ०.३ मिलिव्होल्ट, टूएम रेडचा ५.५. साध्या फोनो इनपुटला तो पुरत नाही, वेगळा एमसी फोनो किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो. हा खर्च कार्ट्रिजच्या किमतीत कुठे दिसतच नाही.

घरात ७८च्या तबकड्या असतील तर

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाट्यसंगीताच्या, बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आपल्याकडे अनेक घरांत अजून आहेत. त्यांची खाच रुंद असते. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची सुई त्या खाचेत तळाशी घासत जाते. गाणं कमी आणि खरखर जास्त. नुसतं टर्नटेबल ७८च्या वेगाने फिरतंय एवढं पुरत नाही. व्हीएम९५च्या डबीवर ७८साठीची वेगळी सुई चढते, तिला ५ ग्रॅमच्या आसपास भार द्यावा लागतो. सुई बदलली की भारही बदलायचा, हे विसरू नका. आणि जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली एलपी कधीच ठेवू नका. एका फेरीत ती कामातून जाते.

मग घ्यायचं काय?

सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये कार्ट्रिज बदलण्याची सोय बहुधा नसतेच, तिथे हा सगळा हिशेब बाजूला. बाकीच्यांनी दुकानात तीन आकडे मागायचे: आर्मचा इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन, आणि कम्प्लायन्स किती हर्ट्झवर मोजलंय. आर्मला किती वजनाची कार्ट्रिज पेलते तेही बघा, नाहीतर मागचं काउंटरवेट तोल सांभाळत नाही. विक्रेत्याला हे सांगता आलं नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा.

शेवटी माझं मत. टर्नटेबल परत विकत घेता येतं, कार्ट्रिजही घेता येते. आजोबांनी जपलेली तबकडी परत मिळत नाही आणि चुकीच्या सुईची प्रत्येक फेरी तिच्यातलं थोडं गाणं खरवडून नेते. म्हणून बजेट कमी असेल तर साधी पण जुळणारी कार्ट्रिज घ्या, आणि उरलेल्या पैशात भार मोजायचा छोटा काटा आणि रेकॉर्ड पुसायचा ब्रश आणा.