चूक शोधण्याचे शिक्षण

आमच्या वार्षिकात वाचन, शिस्त, निसर्ग, थोरांची चरित्रे ह्या विषयांवरील लेख दरवर्षी येतात. यंदा आम्ही थोडा अपरिचित विषय घेऊन वाचकांपुढे येत आहोत. विंडोजवर चालणारी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिताना ज्या चुका होतात त्या कशा शोधाव्यात, हा तो विषय होय. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोकणी, वर्गात मराठी आणि संगणकापुढे इंग्रजी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. संगणकाचा तास इतर कोणी घेईना म्हणून आमच्याकडे आला, आणि मुलांच्या बरोबरीनेच आम्ही तो विषय शिकलो. तेव्हा पुढील लिखाण हे तज्ज्ञाचे निरूपण नव्हे. ते एका शिक्षकाचे मत आहे, आणि आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायातून ते बनले आहे.

गेल्या स्नेहसंमेलनातील प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी शाळेच्या ग्रंथालयाची सूची दाखविणारी आज्ञावली सी-शार्प भाषेत तयार केली. पुस्तकाचे नाव लिहावे, 'शोधा' हे बटण दाबावे, आणि पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते पडद्यावर यावे, इतकीच तिची करामत. प्रयोगशाळेत ती पंधरा दिवस बिनतक्रार चालली. संमेलनाच्या दिवशी तीच आज्ञावली सभागृहातील दुसऱ्या संगणकावर नेली. पाहुण्यांनी बटण दाबले, आणि पुस्तकाऐवजी एक खिडकी उघडून इंग्रजीत निरोप आला: 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट.' बटणाचा भाग ज्या मुलाने लिहिला होता तो शेजारीच उभा होता. आम्ही चारचौघांत त्याला बोललो. "हांवें कांयच करूंक ना, सर," एवढेच तो आपल्या भाषेत कसेबसे म्हणाला. आम्ही ऐकून घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच गटातील एक मुलगी आमच्याकडे आली. "सर, चूक बटणात नाही. बटण दाबण्याआधीच ती होऊन गेली आहे," असे तिने सांगितले, आणि सिद्ध करून दाखविले. पुस्तकांची यादी एका फाईलमध्ये होती. त्या फाईलचा पत्ता आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवलेला होता, आणि तो प्रयोगशाळेतील त्या एकाच संगणकावर खरा होता. सभागृहातील संगणकावर तशी फाईलच नव्हती. फाईल सापडली नाही, तेव्हा आज्ञावलीने तक्रार करावयास हवी होती. परंतु 'पाहुण्यांपुढे तांबड्या खुणा नि इंग्रजी निरोप नकोत' ह्या विचाराने कोणतीही तक्रार आली तरी ती मुकाट्याने गिळून टाकणारा एक भाग तीत घातलेला होता. प्रोग्रॅम लिहिणारे त्याला रिकामा 'कॅच' म्हणतात. तक्रार गिळली गेली आणि यादी तयार झालीच नाही. बटणाने जेव्हा यादी मागितली तेव्हा तिच्या जागी शून्य होते. तो निरोप हेच सांगत होता की, जिच्याकडे तुम्ही काम सोपवीत आहात ती वस्तू अस्तित्वातच नाही.

फाईलचा पत्ता आम्ही फळ्यावर लिहून दिला होता. तक्रार गिळण्याची युक्तीही आमचीच. बोलणी मात्र त्या मुलाने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहून त्याची क्षमा मागितली. ती मागणे अवघड गेले हे कबूल करावयास हवे. परंतु त्या प्रसंगापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. चूक जेथे दिसते तेथेच ती झालेली असते असे नाही, आणि हे ज्यास उमगले नाही तो संगणकाशी अन्याय करीलच, परंतु माणसांशीही करील.

आमच्याकडील खाजन शेतांचे बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे सहज पटेल. खारे पाणी शेतात एका ठिकाणी दिसते, आणि खेकड्याचे बीळ बांधात भलतीकडेच असते. जाणता शेतकरी पाणी दिसले तेथेच मातीचे ढिगारे ओतीत बसत नाही. तो ओहोटीची वाट पाहतो, बांधावरून पावलापावलाने चालतो आणि बीळ शोधून तेवढेच बुजवितो. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये हेच काम करावयाची सोय आहे. एफ-९ ही कळ दाबून आज्ञावलीत हव्या त्या ओळीवर थांबा ठेवता येतो, आणि एफ-१० ने एकेक ओळ पुढे जाता येते. प्रत्येक पावलास कोणत्या नावाखाली काय साठविले आहे ते पाहता येते. त्या मुलीने हेच केले. अंदाज बांधून दहा ठिकाणी फेरफार करण्याऐवजी तिने पाहिले, आणि पाहिले म्हणून तिला सापडले.

आणखी तीन उदाहरणे देतो, कारण आमच्या मुलांच्या हातून ह्या चुका वारंवार होतात.

पहिली गोठलेल्या खिडकीची. बटण दाबावे आणि सबंध खिडकी निश्चल व्हावी, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे उमटावीत, हा अनुभव सर्वांस आहे. मुले म्हणतात, "संगणक बिघडला." वस्तुतः खिडकी रंगविणे, कळा व माउस ह्यांच्या हाका ऐकणे आणि उत्तर देणे ही कामे आज्ञावलीतील एकच धागा करीत असतो. गावच्या दुकानात एकटाच दुकानदार असावा आणि त्यालाच कोणी मागील कोठारातील पोती मोजावयास पाठवावे, तशी ही गत. गल्ल्यावर आलेले गिऱ्हाईक हाका मारीत राहते. विंडोज सुमारे पाच सेकंद वाट पाहते आणि मग खिडकी प्रतिसाद देत नाही असे जाहीर करते. उपाय असा की, लांबलचक काम दुसऱ्या धाग्याकडे सोपवावे. मात्र त्या दुसऱ्या धाग्याने खिडकीतील बटणे व चौकटी स्वतः बदलू नयेत. त्या ज्या धाग्याने निर्माण केल्या त्याच्याकडे निरोप धाडून बदलून घ्याव्यात. हा नियम मोडला की नवी तक्रार उभी राहते, आणि मुलांस वाटते की उपायच चुकला.

दुसरी दिनांकाची. ०५/०६/२०२५ म्हणजे आपल्या रीतीने ५ जून. संगणकावर दिनांकाची अमेरिकन रीत ठेवलेली असेल तर तोच ६ मे ठरतो. ५ जूनला पुस्तक नेलेल्या मुलाच्या नावावर महिनाभराचा फुकटचा दंड चढतो. गंमत अशी की, १३/०६/२०२५ लिहिताच आज्ञावली तक्रार करते, कारण तेरावा महिना नाही. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत जी चूक गुपचूप खोटे बोलते, ती तेराव्या दिवशी ओरडते. मुले तेराव्या दिवसाला दोष देतात. आम्ही म्हणतो, त्या दिवसाचे आभार माना. ओरडणारी चूक ही मुक्या चुकीपेक्षा केव्हाही बरी.

तिसरी आपल्या अक्षरांची. मराठी वा कोकणी मजकूर फाईलमध्ये साठवावा आणि परत उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसावी, किंवा अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसाव्यात. दोहोंत मजकूर वाचता येत नाही, म्हणून मुले दोहोंस एकच रोग समजतात आणि टाईप बदलून पाहतात. चौकटी दिसत असतील तर बहुधा त्या टाईपात देवनागरीची अक्षरे नसतात. मजकूर आत सुखरूप असतो, आणि योग्य टाईप दिला की तो प्रकट होतो. प्रश्नचिन्हांचे तसे नाही. साठविताना आस्की ही जुनी सांकेतिक पद्धत वापरली गेली, तर तीत केवळ १२८ चिन्हांना जागा असल्यामुळे देवनागरीस थारा मिळत नाही, आणि प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिले जाते. 'श्री' हे एकच अक्षर, परंतु त्याच्या जागी चार प्रश्नचिन्हे येतात, कारण श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार खुणांनी ते बनते. तेथे मूळ मजकूर नष्ट झालेला असतो. जगातील कोणताही टाईप तो परत आणू शकत नाही. उपाय साठविण्याच्या क्षणीच करावयाचा असतो. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीस स्वतःची जागा आहे. त्या पद्धतीने मजकूर साठवावा. तेव्हा औषधापूर्वी निदान हवे. वस्तू हरवली आहे, की केवळ दिसत नाही, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे वळतो. शाळेच्या अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षेत आजवर आम्ही स्वतः एकच गोष्ट तपाशीत आलो: पडद्यावर उत्तर आले की नाही. ज्याने मित्राची आज्ञावली उतरवून काढली त्याला पूर्ण गुण. ज्याची आज्ञावली अडली, परंतु जो अडण्याचे कारण ओळीसकट दाखवू शकला, त्याला भोपळा. ह्यातून मुले जे शिकतात ते उघड आहे. चूक ही लाज आहे, ती झाकावी. आमचा रिकामा 'कॅच' ह्याच शिकवणुकीचा मासला होता.

काही सहकारी म्हणतील की, आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे तीन मुले, एवढ्यात चुका शोधीत बसण्यास वेळ कोठला? हा आक्षेप खोटा नाही. परंतु वेळ आजही जातोच. कारण न समजता केलेली दुरुस्ती पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात उभी राहते. दुसरा आक्षेप असा की, ह्यातील किती मुले पुढे आज्ञावली लिहिणार? फार थोडी, हे आम्हीही मानतो. परंतु निरोप शेवटपर्यंत वाचणे, एका वेळी एकच बदल करून पाहणे, चूक पुन्हा घडवून खात्री करणे आणि पुराव्यावाचून कोणावर ठपका न ठेवणे, ह्या सवयी वकिलास, परिचारिकेस, हिशेबनिसास आणि आम्हां शिक्षकांसही लागतात.

म्हणून आमची सूचना अशी: पंचवीसपैकी दहा गुण दोषशोधनास द्यावेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एक दोषवही ठेवावी. तीत दिनांक, काय दिसले, काय वाटले, प्रत्यक्षात काय निघाले, एवढे चार रकाने पुरेत. ह्या वहीस मोठी परंपरा आहे. १९४७ साली ९ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' ह्या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तो फेकून न देता तेथील मंडळींनी नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि शेजारी नोंद केली. त्या मंडळींनी चूक लपविली नाही, म्हणूनच आजही ते पान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

आमच्या वर्गातील दोषवहीचे पहिले पान आम्हीच लिहिले आहे. काय दिसले: बटण दाबताच आज्ञावली अडली. काय वाटले: मुलाची चूक. प्रत्यक्षात काय निघाले: शिक्षकाची. त्या मुलाने ते पान वाचले, क्षणभर थांबला, आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'दुरुस्त केले.' इतके मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस आजवर कोणी दिलेले नाही.