‘प्रचारकी’ हा शेरा आणि न वाचलेला सिद्धांत

मराठी समीक्षेच्या शब्दसंग्रहात ‘प्रचारकी’ या विशेषणाइतके कामसू विशेषण दुसरे क्वचितच सापडेल. ते एकदा चिकटविले की ग्रंथ उघडण्याचे श्रम वाचतात. ग्रंथाचा हेतू ठाऊक झाला म्हणजे ग्रंथच ठाऊक झाला, अशी समजूत करून घेता येते. हे विशेषण जर सर्वत्र सारख्याच कठोरपणे लावले गेले असते, तर निदान त्यामागे एक भूमिका आहे असे मानता आले असते. पण ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणांचा विचार करताना उपदेशपरता हा दोष ठरत नाही. ‘ज्ञानेश्वरी’चे विवेचन अद्वैत बाजूला ठेवून करावे, असे कोणी सुचवीत नाही. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाने ‘सूत्रपाठा’तील द्वैती तत्त्वज्ञान समजून घेतल्याविना ‘लीळाचरित्रा’च्या गद्यावर लिहिणे हे अभ्यासाच्या दृष्टीने अपुरेच मानले जाते. दलित साहित्यावर प्रचाराचा आरोप झाला तेव्हा तर मराठी समीक्षेला आपले निकषच तपासून पाहावे लागले, आणि ते योग्यच झाले. मात्र एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसिद्धांताची व सदाचाराची पुस्तके समोर आली की हा सर्व शहाणपणा आवरून ठेवला जातो आणि जुना शेरा पुन्हा बाहेर काढला जातो.

या पुस्तकांचा उगम कोणत्या परंपरेत आहे, हा प्रश्नही फारसा विचारला जात नाही. ‘मिशनरी वाङ्मय’ या एका गाठोड्यात सारे बांधले जाते. वस्तुतः १८१३ साली मुंबईत पाय रोवणारे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाच्या, परंपरेतले होते. १८२३ पासून कोकणात काम सुरू करणारे स्कॉटिश मिशनरी आणि १८२९ साली मुंबईत आलेले जॉन विल्सन हे प्रेस्बिटेरियन. सतराव्या शतकाच्या मध्यास वेस्टमिन्स्टर येथे सिद्ध झालेली श्रद्धाविधाने व प्रश्नोत्तरी ही त्यांची शिदोरी. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ जेझुइट, कॅथलिक परंपरेतून आले. त्या ग्रंथाला लावलेली फूटपट्टी ‘यात्रिक क्रमणा’ला लावणे म्हणजे महानुभाव आणि वारकरी यांना ‘हिंदू धार्मिक कवी’ म्हणून एकाच ओळीत उभे करण्यासारखे आहे.

या परंपरेचा गाभा एका भेदात आहे. मनुष्य नीतिमान ठरविला जातो तो स्वतःच्या आचरणामुळे नव्हे, तर ख्रिस्ताची नीतिमत्ता त्याच्या खाती मांडली गेल्यामुळे. आणि हे एकदाच, पूर्णपणे घडते. त्याचे पवित्रीकरण मात्र आयुष्यभर चालते आणि या जन्मी कधीच पुरे होत नाही. म्हणजे सदाचार हे तारणाचे कारण नसून त्याची खूण आहे. (मराठी ख्रिस्ती परिभाषेने ‘मोक्ष’ दूर ठेवून ‘तारण’ हा शब्द रूढ केला. पेढीवर कर्जासाठी जे ठेवतात तेही तारणच. या शब्दाचा हा दुहेरी व्यवहार एखाद्या भाषाभ्यासकाला खुणावायला हरकत नव्हती.) सदाचार हे कारण असते, तर त्याची यादी देऊन पुस्तक संपले असते. तो खूण असल्यामुळे ती खूण वाचणारा कोणीतरी लागतो, आणि हा वाचक म्हणजे प्रत्येक श्रद्धावंत स्वतः. माझ्यात दिसणारा पश्चात्ताप खरा की भीतीने आलेला? ही माया देवावरची की प्रतिष्ठेवरची? अशा प्रश्नांतून इंग्लंडमधील प्युरिटन लेखकांनी आत्मपरीक्षणाचे एक अवाढव्य गद्य निर्माण केले. विल्यम पर्किन्सने सदसद्विवेकाच्या पेचांची चिकित्सा केली. रोजनिश्या व आत्मवृत्ते लिहिली गेली. रिचर्ड बॅक्स्टरने १६७३ साली ख्रिस्ती आचरणाचा प्रचंड मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. मॅक्स वेबरने भांडवलशाहीच्या वृत्तीचा माग काढताना याच बॅक्स्टरला प्रमुख साक्षीदार केले. नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर स्वतः बॅक्स्टर काटेकोर कॅल्व्हिनवाद्यांना मान्य नव्हता, ही बाब वेबरचे हवाले देणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात असते. इयन वॉट यांनी १९५७ साली इंग्रजी कादंबरीच्या उदयाचा विचार करताना डीफोच्या प्युरिटन वारशाला स्थान दिले, जी. ए. स्टार आणि जे. पॉल हंटर यांनी साठीच्या दशकात ‘रॉबिन्सन क्रूसो’चे नाते आध्यात्मिक आत्मवृत्ताशी जोडून दाखविले. वॉट यांचे नाव मराठी कादंबरीच्या चर्चेत अनेकदा येते. पण त्यांच्या विवेचनातील मध्यमवर्ग तेवढा उचलला जातो आणि प्युरिटन मागेच राहतो.

सिद्धांत हा कथेबाहेरचा मजकूर नसतो, हे दाखविणारे सर्वांत स्वच्छ उदाहरण बन्यनचे आहे. त्याच्या रूपककथेचा पहिला भाग १६७८ सालचा. हरि केशवजींनी ती १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणली. कथेतील यात्रेकरूच्या पाठीवर पापाचे ओझे असते. सामान्य नीतिकथेच्या न्यायाने ते प्रवासाच्या अंती, स्वर्गनगरीच्या वेशीवर, परिश्रमाचे फळ म्हणून उतरायला हवे. बन्यनच्या कथेत ते क्रूसापाशी, प्रवासाचा मोठा भाग पुढे उरलेला असतानाच, गळून पडते. यात्रेकरूला त्यासाठी काहीच करावे लागत नाही. दलदल मागे पडलेली असते, पण टेकडी, दैत्य, बाजार, संशयाचा किल्ला हे सारे ओझे उतरल्यानंतरचे आहे. नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे यांतील भेद हीच येथे कथानकाची रचना झाली आहे. क्रूसापाशी मिळालेली गुंडाळी तो टेकडीवरच्या विसाव्यात झोपून हरवतो आणि ती शोधण्यासाठी त्याला मागे फिरावे लागते. हरवते ती तारणाची खात्री, तारण नव्हे. हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याला हा प्रसंग आळसाविरुद्धचा एक बाळबोध धडा वाटणार. प्रचारकी हा शेरा अशा वाचनातूनच जन्मतो: सिद्धांत कळला नाही की उरतो तो उपदेश.

‘यात्रिक’ या शब्दाने १८४१ च्या मराठी वाचकाच्या मनात काय जागे झाले असेल, हा प्रश्न तर याहून रोचक आहे. वारी ही परत येणारी यात्रा आहे. वारकरी पंढरीहून घरी येतो, पुढल्या वर्षी पुन्हा निघतो. संसार आणि विठ्ठल यांच्यामधली ही ये-जा हाच त्याचा धर्म. बन्यनचा यात्रेकरू मात्र बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानात बोटे घालून धावत सुटतो आणि कधीच परतत नाही. यात्रा हा परिचित शब्द आणि न परतणे ही अपरिचित कल्पना यांचा हा सांधा भाषांतरात कसा जुळला, कुठे निखळला? १८८४ पर्यंत थांबून पाहायचीही गरज नव्हती. बन्यनने १६८४ सालीच दुसऱ्या भागात त्या बायकोला व मुलांना प्रवासाला काढले होते, याचीही दखल अशा तौलनिक विचारात घ्यावी लागेल. तुलनात्मक साहित्याच्या नावाने जे काही लिहिले जाते, त्यात या विषयाला मिळालेली जागा मात्र ओळी-दोन ओळींची असते.

आता ‘यमुनापर्यटना’कडे वळावे. बाबा पद्मनजी यांची ही कृती १८५७ सालची. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ व ‘मोचनगड’ या तीन कृतींपासून मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी केली आणि पहिलीला वास्तववादी प्रवृत्तीचा आरंभ मानले. या मांडणीने एका उपेक्षित कृतीचे पुनर्वसन झाले, हे निःसंशय. पण नंतरच्या चर्चांत या पुनर्वसनाची जी किंमत ठरून गेली, ती अशी : विधवांचे वास्तव हे कादंबरीचे सत्त्व आणि ख्रिस्ती धर्मनिरूपण ही तिच्यावरची पुटे. पुटे खरवडा, वास्तववाद हाती लागेल. यमुनेचा बाप्तिस्मा व पुनर्विवाह हा शेवट मग अपरिहार्यपणे ‘चिकटविलेला’ ठरतो.

ही विभागणी कृतीच्या रचनेला धरून नाही. यमुना ही सत्य शोधत निघालेली नायिका नव्हे. मिशनच्या शिक्षणातून आलेला विश्वास तिच्या ठायी पर्यटनाच्या आरंभीच आहे. उघड कबुली तेवढी बाकी आहे. यात्रेकरूच्या भाषेत बोलायचे, तर तिचे ओझे कथा सुरू होण्यापूर्वीच उतरले आहे. म्हणूनच प्रवासात तिची दृष्टी स्वतःच्या गतीच्या चिंतेत अडकत नाही. ती तीर्थफळ मिळवायला निघालेली नसल्यामुळे वाटेत भेटणाऱ्या विधवेचे दुःख तिला पूर्वकर्माचा पुरावा म्हणून वाचावे लागत नाही. ते दुःख म्हणूनच ऐकता येते. कर्मविपाकाच्या चौकटीत विधवेची कहाणी आधीच उलगडलेली असते, तिला सांगण्यासारखे फारसे उरत नाही. ती चौकट काढून घेतल्यावरच ‘तुमचे काय झाले’ हा प्रश्न कादंबरीत विचारता येतो. वास्तववाद आणि सिद्धांत यांचे नाते येथे पुटाचे नसून पायाचे आहे. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना स्वतः विधवा होते तेव्हा या दृष्टीची कसोटी लागते. जे ती ऐकत होती ते आता तिला भोगावे लागते. शेवटचा बाप्तिस्माही या परंपरेत तारण देणारा विधी नाही. तो आधी घडून गेलेल्या गोष्टीवर उमटलेला शिक्का आहे. त्याला कथानकाचा कळस समजून तो फसला असे म्हणणे, हा लेखकावर लादलेल्या अपेक्षेचा दोष आहे.

याचा अर्थ ‘यमुनापर्यटन’ ही निर्दोष कलाकृती आहे असा नव्हे. तिच्यातील संवाद कित्येकदा प्रश्नोत्तरीच्या साच्यात गोठतात, आणि प्रतिपक्षाला बुद्धी द्यायला लेखक फारसा राजी नसतो. बन्यनचे दुर्जन त्याच्या सज्जनांपेक्षा अधिक चटकदार बोलतात. पद्मनजींना हे साधले नाही. पण हा दोष सिद्धांत जास्त झाल्याचा नाही. उलट, ज्या परंपरेने स्वतःच्या अंतःकरणावरच सर्वांत जास्त संशय घ्यायला शिकविले, तिचा तो संशय या लेखकाने नायिकेवर पुरेसा चालविला नाही. यमुनेला शंका येत नाही, तिची गुंडाळी कधीच हरवत नाही. कादंबरी दुबळी होते ती त्या ठिकाणी.

या पुस्तकांविरुद्धचा दुसरा युक्तिवाद वसाहतवादाचा आहे. परक्या सत्तेच्या सावलीत आलेला परका सिद्धांत; त्याची रचना तपासायची ती केवळ सत्तेची यंत्रणा म्हणून. सत्तेची सावली होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘परका’ हा शब्द येथे फार स्वस्तात वापरला जातो. कृपा सर्वस्वी ईश्वराची की तीत मनुष्याच्या प्रयत्नाचा वाटा, हा वाद भारताला मिशनऱ्यांनी शिकविलेला नाही. मांजरीने तोंडात धरून नेलेले पिल्लू आणि वानरीला स्वतः बिलगून राहणारे पिल्लू, या मार्जारकिशोर व मर्कटकिशोर न्यायांवरून श्रीवैष्णवांमध्ये तेंगलै आणि वडगलै असे पंथ पडले. १६१८-१९ साली डॉर्ट येथील धर्मसभेत आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध जो वाद लढला गेला, त्याच्याशी याचे साम्य रूडॉल्फ ओटोसारख्या अभ्यासकाने १९३० सालीच तपासले. तेव्हा हा सिद्धांत समजण्यासाठी लागणारी सामग्री देशी परंपरेतच आहे. ती न वापरता देशीपणाच्या नावाने दार लावून घेणे, ही देशी परंपरेचीही उपेक्षाच होय.

ख्रिस्ती बाजूने होणाऱ्या गौरवानेही फारसे साधत नाही. रेव्हरंड टिळकांच्या तुकोबांच्या सेतूचा दाखला देऊन सर्व भक्ती शेवटी एकच, असा गोड निष्कर्ष काढला की पद्मनजी, टिळक, पंडिता रमाबाई हे तिघेही एकाच स्निग्ध प्रकाशात न्हाऊन निघतात, आणि त्यांच्यातील मतभेद, ज्यांसाठी त्यांनी आयुष्ये पणाला लावली, ते दिसेनासे होतात. सेतूला दोन काठ असतात; अंतर नसेल तर सेतूची गरजच काय? या गौरवाचा आणि त्या उपेक्षेचा परिणाम एकच, पुस्तक न वाचता बाजूला ठेवणे.

सर्वांत मोठी हानी झाली आहे ती ‘अरुणोदया’ची. पद्मनजींचे हे १८८८ सालचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी आहे, आणि त्याचा उपयोग होतो तो बेळगावचे लोकजीवन, परमहंस सभा, तत्कालीन शिक्षण यांची माहिती काढण्यासाठी. जणू ते आत्मचरित्र नसून गॅझेटियर आहे. प्रत्यक्षात त्या पुस्तकापुढे जो वाङ्मयीन पेच आहे तो तेव्हाच्या मराठी गद्याला नवा होता. आत्मचरित्राचा नायक स्वतःच्या आयुष्याचा कर्ता असावा, ही त्या वाङ्मयप्रकाराची अपेक्षा. आणि स्वतःच्या परिवर्तनाचा कर्ता मनुष्य नव्हे, ही त्या सिद्धांताची अट. बन्यनने १६६६ सालच्या आपल्या आत्मवृत्तात हा पेच बायबलची वचने अंगावर चाल करून येतात अशा रीतीने सोडविला. तेथे विचार करणारा माणूस कमी आणि विचारांनी गाठलेला माणूस अधिक दिसतो. मराठीला तर यासाठी व्याकरणच अनुकूल आहे. ‘मी ठरविले’ आणि ‘मला पटले’, ‘मी पाहिले’ आणि ‘मला दिसले’ यांत कर्तृत्वाचे जे अंतर आहे, ते या भाषेच्या वाक्यरचनेतच वसलेले आहे. ‘अरुणोदया’चा निवेदक निर्णायक क्षणी यांपैकी कोणती रचना निवडतो, ती कुठे बदलतो, आणि त्या बदलाचा सिद्धांताशी काय संबंध, याची साधी नोंदही झालेली दिसत नाही. त्यासाठी दुर्मिळ दस्तऐवज लागत नाहीत. पुस्तक लागते, आणि वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरी शेजारी उघडून ठेवण्याची तयारी लागते.